पहिला दिवा वीज खातो का?

शिक्षण-तंत्रज्ञानाच्या एका परिषदेला जाऊन आले, त्याला आता दोन महिने होतील. जायचं ठरवलं तेव्हा तिथे नेमकं काय चालतं, शाळेतून परवानगी कशी काढायची, साध्या वर्गात शिकवणाऱ्याला त्यातलं काही वापरता येतं का, हे सांगणारं कुणाचं लिखाण सापडलं नव्हतं. भाषणांच्या बातम्या होत्या, व्यासपीठावरचे फोटो होते. म्हणून अर्जापासून खर्चाच्या बिलापर्यंत सगळं लिहून ठेवते आहे. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, चौदा वर्षं झाली. पटावर ४२ मुलं, वर्गात एक प्रोजेक्टर, नेट कधी असतं, कधी नसतं.

माहितीपत्रक हातात आलं ४ जुलैला. परिषद १२ ते १४ सप्टेंबर, शुक्रवार ते रविवार दुपार. ३१ जुलैपर्यंत नोंदणी केली तर सवलत, त्यानंतर शुल्क जवळजवळ दीडपट. त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आणि तो दोन दिवसांत परत आला. "मॅडम, तुमच्या तासांचं काय?" सरांचा प्रश्न रास्त होता. मी नुसती कर्तव्यरजा मागितली होती, मागे वर्गात कोण जाणार हे लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या अर्जाला तीन कागद जोडले: माहितीपत्रक, कोणती सत्रं घेणार आणि त्यांचा माझ्या विषयाशी काय संबंध हे सांगणारं अर्धं पान, आणि बदली तासांचं वेळापत्रक. त्या वेळापत्रकावर तास घेणाऱ्या सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. शुक्रवारचे पाच आणि शनिवारचे तीन तास वाटायला दोन मधल्या सुट्ट्या गेल्या, पण अर्ज पुन्हा परत आला नाही.

मंजुरीला अकरा दिवस लागले. पत्रात लिहिलं होतं: दोन दिवस कर्तव्यरजा, नोंदणी शुल्क शाळा देईल, प्रवास आणि निवास स्वखर्चाने, परतल्यावर आठ दिवसांत अहवाल. कोणता खर्च कोणाचा, हे तोंडी बोलण्यावर सोडू नका, मंजुरीच्या पत्रातच येऊ द्या. माझा प्रवास आणि राहणं मिळून नोंदणी शुल्काच्या दुप्पट झालं. ते आधी माहीत होतं म्हणून आधीच्या दोन महिन्यांत बाजूला टाकता आलं.

२४ जुलैला शुल्क भरलं. खात्यातून पैसे गेले, पण पावती आली नाही, आणि संकेतस्थळावर माझी नोंदणी 'प्रलंबित'च राहिली. पहिल्या ईमेलला उत्तर नाही. दुसऱ्या ईमेलमध्ये मी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि बँकेच्या संदेशाचा फोटो असं सगळं एकत्र पाठवलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. तोवर सवलतीची मुदत उलटून गेली होती आणि माझी झोप उडाली होती. पैसे गेल्याची तारीख मुदतीच्या आतली होती, म्हणून सवलत टिकली. मग आलेली पावती माझ्या नावाची निघाली, आणि शाळेला परतावा द्यायचा तर पावतीवर शाळेचं नाव हवं. ती बदलून यायला आणखी चार दिवस. अर्ज भरताना 'पावती कोणाच्या नावे' हा रकाना बारीक अक्षरात, अगदी खाली असतो. तो रिकामा सोडू नका.

कार्यशाळांची नोंदणी वेगळी होती, २० ऑगस्टला सुरू झाली. प्रत्येक कार्यशाळेला ३० जागा. मी संध्याकाळी बघितलं तोवर मला हव्या असलेल्या दोन्ही भरल्या होत्या. प्रतीक्षा यादीत नाव टाकलं आणि एकीत जागा मिळाली ती परिषदेच्या पाच दिवस आधी. अशा परिषदांत भाषणांना कुणालाही बसता येतं, हाताने काही करायला मिळतं ते कार्यशाळांत, आणि त्या आधी भरतात. नोंदणी उघडायची तारीख वेळेसकट लिहून ठेवा.

जाण्याआधीच्या आठवड्यात मनात धाकधूक होती. कार्यक्रमपत्रिकेत निम्मे शब्द असे होते जे मी वापरत नाही. सगळे आपल्या पुढे असतील, आपण मागच्या रांगेत गप्प बसून येऊ, असं वाटत होतं. माझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी एक सुचवलं, त्याचा फार उपयोग झाला: जाताना एकच अडचण घेऊन जा, आणि प्रत्येक सत्रात तिच्यावर काही मिळतं का ते बघ. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: 'कळलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. कोणाला खरंच कळलं, हे तास संपायच्या आत मला कसं कळेल?'

पहिल्या दिवशी नोंदणीच्या रांगेत पन्नास मिनिटं गेली. ओळखपत्र, ईमेलची छापील प्रत आणि पेन हातात ठेवलं तर रांग लवकर सरकते. उद्घाटन लांबलं. त्यानंतर प्रदर्शनाचं दालन. मोठे स्पर्शफलक, त्रिमितीय छपाईची यंत्रं, यंत्रमानव, डोळ्यांवर चढवायचे आभासी चष्मे. प्रत्येक दुकानावर कुणीतरी हसत पुढे येतं आणि तुमचं नाव, शाळा, फोन लिहून घेतं. माझ्या बरोबरीने फिरणाऱ्या एका अनुभवी सरांनी विचारलेले प्रश्न मी मागच्या पानावर उतरवून घेतले. नेट नसताना हे चालेल का? मुलांची माहिती कुठे साठते आणि ती पुसायची तर कुणाला सांगायचं? पुढच्या वर्षीचं नूतनीकरण किती? बिघडलं तर किती दिवसांत माणूस येतो? आमच्या भाषेतला मजकूर आम्हाला स्वतःला त्यात घालता येतो का? बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन प्रश्नांनंतर 'आमचे साहेब सांगतील' असं उत्तर आलं. दुपारच्या एका भाषणात युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालातला आकडा ऐकला: शिक्षणाची तंत्रज्ञान-उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. म्हणजे एखाद्या साधनाने शिकणं सुधारतं का, हे नीट तपासून होईपर्यंत ते साधनच बदललेलं असतं. मला दालनातले ते प्रश्न तेव्हा आणखी पटले. घाईने काही विकत घेण्याची माझ्यावर वेळ नव्हती याचं समाधान वाटलं, पण ज्या मुख्याध्यापकांवर अशी वेळ येते त्यांना हे प्रश्न कुणीतरी आधी द्यायला हवेत.

ज्या सत्रासाठी मी हे सगळं लिहिते आहे ते त्याच दिवशी साडेतीनला होतं. एका साध्या वर्गखोलीत, साठेक शिक्षक, सगळ्या विषयांचे. खुर्चीवर प्रत्येकासाठी एक जाड कागद ठेवलेला. त्यावर काळ्या चौकटींची एक आकृती, प्रत्येकाची वेगळी, आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. आपल्याला जे उत्तर वाटतं त्याची बाजू वर धरायची. मार्गदर्शक बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी कोणतं उत्तर दिलं ते त्यांच्या फोनवर उमटतं. या कार्डांना प्लिकर्स म्हणतात. मुलांच्या हातात कोणतंही यंत्र नाही, फक्त कागद. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याने काय धरलंय ते दिसत नाही.

प्रश्न पडद्यावर आला. एक सेल, दोन अगदी सारखे दिवे, एकसर जोडणी, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग एक. कोणता दिवा जास्त उजळेल? सेलच्या धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, की दोन्ही सारखेच? चौथा पर्याय 'सांगता येत नाही'. मी विज्ञानाची, मी 'सारखेच' वर धरलं. पडद्यावर स्तंभ उभे राहिले: निम्म्याहून थोडी कमी उत्तरं बरोबर. बाईंनी बरोबर उत्तर सांगितलं नाही. "शेजारच्याशी दोन मिनिटं बोला आणि त्याला पटवा," एवढंच म्हणाल्या.

माझ्या शेजारी भाषेच्या एक शिक्षिका होत्या. त्या अगदी सहज म्हणाल्या, "अहो, पहिला दिवा वीज खाणार ना थोडी. मग उरलेली पुढे जाणार. म्हणजे पहिला जास्त." मी पटकन समजवायला गेले आणि अडखळले. कारण हे वाक्य तर्काला धरून होतं. पाणी वाटेत कुणी उपसलं तर पुढे कमीच जातं. वापरलं की संपतं, हा आपला रोजचा अनुभव. चौदा वर्षं मी फळ्यावर 'एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र समान असते' असं लिहीत आले, मुलांनी ते परीक्षेत लिहिलं, मी गुण दिले. त्यातल्या किती मुलांच्या डोक्यात पहिला दिवा वीज खात होता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दोन मिनिटांत मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

दुसऱ्यांदा कार्डं वर गेली तेव्हा बरोबर उत्तरं बरीच वाढली होती, आणि बाईंनी तोवर काहीही शिकवलं नव्हतं. मग त्यांनी या पद्धतीची गोष्ट सांगितली. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना आपण चांगलं शिकवतो याची खात्री होती. विद्यार्थी अवघड गणितं सोडवायचे. एकदा त्यांनी साध्या संकल्पनांवरची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला स्वतःला वाटतं तशी? १९९१ पासून माझुर वर्गात प्रश्न, मतदान, शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान अशा पद्धतीने शिकवू लागले. बाईंनी दिलेला ठोकताळा असा: पहिल्या मतदानात ३० टक्क्यांहून कमी उत्तरं बरोबर असतील तर चर्चा लावू नका, पुन्हा शिकवा, कारण पटवून देणारेच वर्गात पुरेसे नाहीत. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात उलगडा करून पुढे जा. मधे असतील तर चर्चेला सोडा. आणि चुकीचे पर्याय मनाने रचू नका, मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतून उचला. वहीतल्या पहिल्या पानावरच्या माझ्या प्रश्नाखाली मी त्या रात्री हे सगळं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जागा मिळालेली कार्यशाळा: फेट या आभासी प्रयोगांची. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. प्रयोग मोफत आहेत, बरेचसे मराठीतही आहेत, आणि नवे प्रयोग एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. पेनड्राइव्हवर घेऊन वर्गात लावता येतात. आम्ही परिपथ जोडण्याचा प्रयोग उघडला. मार्गदर्शकांनी पहिली पाच मिनिटं काहीच सांगितलं नाही, खेळू दिलं. सगळ्यांनी सेलवर सेल लावले आणि पडद्यावर ज्वाळा उठल्या, कारण धारा फार वाढली की त्यात आग दाखवतात. मुलं हेच करणार, आधी करू द्या, नाहीतर तासभर त्यांचं लक्ष आगीतच राहतं, असं ते म्हणाले. मग कागद घ्यायला लावला: काय होईल ते आधी लिहा, मगच बटण दाबा. मी कालचे दोन दिवे जोडले. तारेतून निळे ठिपके सरकत होते, पहिल्या दिव्याच्या आधी आणि नंतर त्याच वेगाने. धारा मोजणारा ॲमीटर दोन्हीकडे लावला, आकडा तोच. कालच्या शेजारणीला हे दाखवायला हवं होतं असं वाटलं. दुपारी त्या प्रदर्शनाच्या दारात भेटल्या, तिथेच उभ्याउभ्या दाखवलं. "मग तो खातो काय?" त्यांनी विचारलं. आम्ही वीस मिनिटं बोलत उभ्या होतो.

त्याच दुपारी एका दृष्टिहीन शिक्षकांचं सत्र झालं. त्याला गर्दी नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांनी एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. सरांनी आमच्यापैकी एकीचीच प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि वाचायला लावली. ती जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फाँटात टाइप केलेली. यंत्रातून नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं बाहेर पडू लागली, मराठीचा एक शब्द नाही. दुसऱ्या कुणाची स्वाध्यायपत्रिका कागदाचा फोटो काढून केलेली होती, तिथे तर यंत्र गप्पच. मग युनिकोडमध्ये टाइप केलेलं एक साधं पान उघडलं, आणि घडाघडा मराठी ऐकू आलं. माझ्या स्वाध्यायपत्रिकांपैकी निम्म्या जुन्या फाँटात आहेत. दर रविवारी दोन या हिशेबाने त्या पुन्हा टाइप करते आहे, आतापर्यंत तेरा झाल्या.

रविवारच्या अर्ध्या दिवसाबद्दल थोडक्यात. कोलिब्री हे नेटशिवाय चालणारं शिकण्याचं व्यासपीठ बघितलं: एका लहान संगणकावर धडे आणि चित्रफिती एकदा भरायच्या आणि खोलीतल्या इतर उपकरणांनी ते वायफायवरून बघायचे, बाहेरचं नेट लागत नाही. आमच्या संगणक खोलीसाठी ते उपयोगी पडेल, प्रस्ताव दिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या विषयाचे दहा प्रश्न तयार करून घेतले. माझ्या दहापैकी दोनांची उत्तरसूची चुकलेली होती, तीही अगदी ठाम भाषेत. प्रश्नांचा कच्चा माल म्हणून चालेल, तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवणार नाही.

परतल्यावर उपस्थितीचं प्रमाणपत्र ईमेलने यायचं होतं, ते १२ दिवसांनी आलं. परिषदेत कागदी पावती किंवा शिक्का मिळत असेल तर तिथेच मागून घ्या, कारण कर्तव्यरजेच्या नोंदीला कार्यालय पुरावा मागतं. अहवाल दोन पानांचा दिला. शाळेत सगळ्यांसमोर अर्धा तास बोलायला सांगितलं, तेव्हा मी भाषण न करता दोन दिव्यांचाच प्रश्न कार्डांवर घेतला. शुल्काचा परतावा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जमा झाला.

वर्गातला पहिला प्रयत्न २४ सप्टेंबरला केला आणि तो फसला. कार्डं साध्या कागदावर छापली होती, ती मुलांच्या हातात वाकत होती, बोटं आकृतीवर येत होती, खिडकीकडच्या रांगेतली सहा कार्डं उजेडामुळे वाचलीच जात नव्हती. तासातली अठरा मिनिटं त्यातच गेली. पुढच्या वेळी जाड कार्डशीटवर छापली. चकाकणारं प्लास्टिक लावलं नाही, त्यावर उजेड पडला की कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवला. कार्डं ६३ क्रमांकांपर्यंत मिळतात, म्हणजे ४२ मुलांना पुरून उरतात. कार्ड कडांना पकडायचं, छातीसमोर धरायचं, हे एकदा कोऱ्या प्रश्नावर करून घेतलं. आता सगळा वर्ग वाचून व्हायला मिनिटभर लागतं.

७ ऑक्टोबरला दोन दिव्यांचा प्रश्न ठेवला. पहिल्या मतदानात ४० मुलं हजर, १६ बरोबर, १९ जणांनी धन टोकाजवळचा दिवा निवडला होता. त्यात वर्गात नेहमी वरचे नंबर काढणारी दोन मुलं होती. चर्चेला सोडलं तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मी थांबवला नाही. बाकांमधून फिरताना ऐकत गेले. "वीज खातो", "नाही रे, तारेत अडकते", "दोघांचं बटण तर एकच असतं". नंतर पडद्यावर निळे ठिपके दाखवले, मग खरा सेल आणि खरे दोन दिवे टेबलावर जोडले. दुसऱ्या मतदानात ३१ बरोबर. उरलेल्या नऊ जणांची नावं माझ्याकडे तास संपायच्या आत होती. हे मला पहिल्यांदाच मिळत होतं.

घंटा झाल्यावर शेवटच्या बाकावरची मुलगी कार्ड परत द्यायला आली. वर्षभरात तिने स्वतःहून मला काही विचारलेलं आठवत नाही. कार्ड हातात धरूनच म्हणाली, "बाई, दिवा वीज खात नाही ना? तारेत तेवढीच राहते ना? मग सेल का संपतो?"

तिचा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला, भोवती चौकट केली आणि 'पुसू नये' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू केला, 'ऊर्जा' या शब्दापासून.